ढुंगेखर्कचा भोंगा

"बोललो की गं. गप बसलो न्हाय. पर मिटिंगीत बोललो, तितंच माती खाल्ली."

बाळासाहेब बेसिनपाशी उभं राहून बाटल्यांवरची लेबलं सोलत होते. जपानातल्या त्सुकुबात कचरा टाकताना बाटली वेगळी, टोपण वेगळं, लेबल वेगळं. सुचेता, त्यांची बायको, डबा भरत होती. ती पुण्याची.

"मिटिंगमध्ये नाही बोलायचं, तर कुठे बोलायचं अहो?"

"त्याच्या आदी. चा पिताना. एवढी वरसं हितं काढली, आन् ह्ये आत्ता कळलं."

"बरं. पेमाताईंना फोन केलात?"

बाळासाहेबांनी पुढची बाटली उचलली. "करतो."

"कालही करतो म्हणालात. त्या तिकडे वाट बघत असतील."

बाळासाहेब पाटण खोऱ्यातल्या डोंगरातले. एसटी खालीच थांबते, वर पायांनी जायचं, अशा वाडीतले. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. मोठ्या भूकंपानंतर जपानला यायला कुणी राजी नव्हतं, म्हणून यांचा नंबर लागला. ते स्वतःच तसं सांगतात, लाजत नाहीत. आता एका संशोधन संस्थेत नकाशे करतात.

सध्याचं काम नेपाळचं. हवा तापली, वरचं बर्फ वितळून तळी फुगायला लागली. त्यापायी कुठल्या गावात आधी काय करायचं, याचा आराखडा तो देश करतोय, सगळ्या देशाचा मिळून एक. त्यातला एक तुकडा बाळासाहेबांच्या गटाकडं होता. तळं फुटलं तर वाजणारा भोंगा पहिल्या टप्प्यात कुठल्या गावांना द्यायचा, ते सुचवायचं. भोंगा वाजला की माणसांनी चढावर पळायचं. नाही वाजला तर पाणी दारात आल्यावरच कळायचं.

मागच्या उन्हाळ्यात गट तिकडं पाहणीला गेला होता. ढुंगेखर्क म्हणून गाव. तळ्याच्या बरोबर खाली, नदीच्या काठावर दगडी घरं, बटाट्याची वावरं, चरणाऱ्या चौरी, म्हणजे याकच्या संकराच्या गाई. गावाच्या वतीनं बोलायला पेमा लामा नावाची बाई होती. तिनं उकडलेले बटाटे आणि मीठ-मिरची पुढं ठेवली. खाता खाता बाळासाहेब तिला बोलून गेले, "दीदी, तुमच्या गावाचं नाव यादीत घालतो." कुणी सांगितलं नव्हतं तसं म्हणायला.

यादी तयार झाली, त्यात ढुंगेखर्क नव्हतं. नकाशावर तिथं वस्तीच नव्हती. पावसाळ्यात वरून नुसते ढग दिसतात, म्हणून उपग्रहाचे फोटो हिवाळ्यातले घेतलेले. आणि हिवाळ्यात ही माणसं जनावरं घेऊन खालच्या गावी उतरतात. घरांना कुलपं, वाटांवर बर्फ. फोटो वाचणाऱ्या यंत्रानं गाव ओस धरलं. तळं फुटायची भीती असते पावसाळ्यात, तेव्हा झाडून सगळं गाव वर असतं.

बाळासाहेबांनी हे बघताक्षणी ओळखलं. त्यांच्या वाडीच्या वरचे गवळीही ऋतू बघून घर हलवतात. दार बंद दिसलं म्हणून कुणी त्यांना मेलेलं धरत नाही.

गटाचे प्रमुख इगाराशी-सान यादी घेऊन टेबलाटेबलाशी आले. हातात चहाचे कागदी पेले. "कसं वाटतंय?" म्हणाले. बाळासाहेब "चांगलंय" म्हणाले आणि कागदावर आपल्या नावाचा लाल शिक्का उठवला. शिक्का म्हणजे 'पाहिलं' एवढंच, अशी त्यांची समजूत. मनात होतं, मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर मांडू. ते वाढले त्या गावात एकेकाला गाठून कानाशी लागणारा माणूस काड्या घालणारा ठरतो. सरळ माणूस ग्रामसभेत उभा राहतो.

तसे ते उभे राहिले. उन्हाळ्यातले फोटो दाखवले, माणसं दाखवली. खोलीत कुणी मान वर केली नाही. कुणीतरी दातांतून हवा ओढली. इगाराशी-सान टेबलाकडं बघत म्हणाले, "हे जरा कठीण आहे." इथं 'कठीण आहे'चा अर्थ 'होणार नाही' असा.

नंतर कॉफीच्या मशीनपाशी ते हळू आवाजात म्हणाले, "बाळासाहेब-सान, मी चहा घेऊन आलो होतो तो कशाला? तेव्हा सांगितलं असतंत तर मी सगळ्यांना भेटून बदलून घेतलं असतं. आता बदललं तर शिक्का मारणारे सगळे चुकीचे ठरतात. तुम्हीसुद्धा."

"मी ठरतो की. ठरवा."

इगाराशी-साननी नकारार्थी मान हलवली. यादी हलली नाही.

मग बाळासाहेब टेबलाटेबलाशी गेले, चहा घेऊन, वाकून. त्यातून निघालं ते एवढंच. दुसऱ्या टप्प्यात ढुंगेखर्कचं नाव सगळ्यांत वर. दुसरा टप्पा म्हणजे लवकरात लवकर तीन पावसाळ्यांनंतर.

सुचेतानं बाळासाहेबांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि फोन दिला.

पलीकडं नुकतं उजाडलं होतं, गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत होता. गाव वर चढलं होतं. बाळासाहेबांनी हिंदीत सगळं सांगितलं, आडवळण न घेता.

"चूक कुणाची झाली?" पेमानं विचारलं.

"माझी."

"तुम्ही तर बोललात म्हणता."

"उशिरा बोललो."

ती म्हणाली, "आमच्याकडं पाणी यायच्या आधी कुत्री भुंकतात. आजवर त्यांच्याच भरवशावर आहोत." मग म्हणाली, "बटाटे खायला या परत. पण मुक्कामाला नदीकाठी नको, वरच्या घरात झोपा."

फोन बंद झाला. सुचेतानं डबा पिशवीत ठेवला. बाळासाहेबांनी उरलेली लेबलं सोलली, कचऱ्याची पिशवी कोपऱ्यावर कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली ठेवली आणि सायकल काढली.

ऑफिसात पोचल्यावर पाठीवरची पिशवी न उतरवताच त्यांनी दोन पेले चहा घेतला आणि इगाराशी-सानच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. पुढच्या जिल्ह्याची यादी अजून कुणी करायला घेतली नव्हती.

"मिटिंगच्या आधी जरा बोलायचं होतं," ते म्हणाले.

इगाराशी-साननी खुर्ची सरकवून दिली. तिथून उठल्यावर बाळासाहेब आपल्या जागी आले, त्या जिल्ह्याचा हिवाळ्यातला फोटो उघडला आणि एकेका बंद घरावर 'वस्ती आहे' अशी खूण करत नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेले.