तिची माझ्याकडची भांडी

वाशीला आम्ही दोघी एकाच महिन्यात समोरासमोरच्या घरांत राहायला आलो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सेक्टरमध्ये दुकान एकच, बाकी नुसता चिखल. मैत्री व्हायला आणखी काय लागतं?

एका उन्हाळ्यात तिच्याकडून रोज काहीबाही यायला लागलं. वाटीत कोशिंबीर, डब्यात चिवडा, पातेलीत आमटी. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी घासायची, काहीतरी घालायची आणि लगेच नेऊन द्यायची. दहा-बारा दिवसांनी ती वैतागली. "अगं बाई, किती वेळा आणून देशील? ठेव की तुझ्याकडे!"

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. एकूण एक भांड्यावर तिच्या माहेरचं नाव कोरलेलं. बया माझ्या घरी सामान हलवत होती, आणि मी शहाणी ते भरून परत पोचवत होते!

तिचा नवरा तुर्भ्याला कारखान्यात. मारत नव्हता, पीत नव्हता. तिच्याशी बोलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी कशावरून तरी बिनसलं, ते बिनसलंच. चिपळूणला भावाकडे जावं, तिथल्या बालवाडीत नोकरी करावी, असं तिच्या मनात होतं. "जाऊ का गं?" म्हणाली.

मी तिला चांगलं झापलं. "एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का? जरा दम धर, येईल ताळ्यावर." माझा नवरा सकाळपासून बडबडायचा, मला काय कळणार होतं डोंबल! शिवाय ती गेली तर मी कुणाशी बोलू, हेही होतंच. जीव होता माझा तिच्यावर. भांडी मात्र ठेवून घेतली. ती थांबली.

महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, तिचा नवरा आमच्या दारात. हातात मोठं पितळी पातेलं. "वहिनी, हे माळ्यावर राहिलं होतं. तिच्या आईचं आहे."

म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं! माझं डोकंच फिरलं. "मला काय देताय, भाऊजी? तिला 'जाऊ नको' म्हणा की! दोन शब्द. दहा पावलांवर बसलीय ती."

डोळे भरले होते हो त्याचे. वाईट माणूस नव्हता. पातेलं उंबऱ्याशी ठेवलं आणि घरी गेला.

दुपारपर्यंत मी कशीबशी कळ काढली, मग तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. हळूच विचारलं, "बोलला का काही?"

"कोण?" ती म्हणाली.

मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "जा तू. मी सांगितलं ते सगळं विसर."

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर मीच सोडायला गेले. तिच्या आईचं पातेलं काठोकाठ बेसनाच्या लाडवांनी भरलं होतं. ते पाहून ती ओरडलीच, "एवढे कोण खाणार गं?"

"मग रिकामं देऊ?" मी म्हटलं, आणि तिच्याआधी मलाच रडू फुटलं.