प्रेताचं काम

पुराच्या मॉक ड्रिलमध्ये मी बुडून मेलेली बाई झाले होते, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. इतकी बावळट होते मी. आज नातवंडांना सांगते तर हसून लोळतात मेली.

तेव्हा मी नेऱ्याकडच्या आमच्या वाडीची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. आरोग्य केंद्राच्या अंगणात ड्रिल होतं. प्रेत कोण होणार? नर्सबाईंच्या साड्या खराब झाल्या असत्या. केंद्राच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला झोपवा. ह्या वाडीवाल्यांना चिखलाची सवय असते."

अंगावर गढूळ पाण्याच्या बादल्या ओतल्या. मी पापणी हलू दिली नाही. जणू बक्षीस मिळणार होतं.

फोटोसाठी स्ट्रेचर थांबलं. माझ्या डोक्यावरच एका नर्सबाईंचं आणि साहेबांचं बोलणं चाललं.

"सर, खरा पूर आला तर त्या वाडीत कोण जाणार?"

"कोणी नाही. ती माणसं पोहतात की."

ऐकलं. सगळं ऐकलं. आणि ड्रिल बिघडू नये म्हणून श्वास रोखून पडून राहिले! खऱ्या मढ्यालाही एवढी शिस्त नसते.

पुढच्याच पावसाळ्यात नदी वाडीत शिरली. शेजारच्या चिमीला बाळंतकळा सुरू झालेल्या. लाइफ जॅकेट, दोर, सगळं केंद्राच्या कपाटात, कुलपात. मी फोन केला. साहेब म्हणाले, "ते ड्रिलचं सामान आहे, मावशी. खराब होईल."

पुरापेक्षा डागाची भीती!

आम्ही बायकांनी दाराची फळी उखडली, चिमीला साडीनं तिच्यावर बांधलं आणि छातीभर पाण्यातून टेकडीवर नेलं. पोर तिथेच झालं. जगलं.

पुन्हा ड्रिल आलं. त्याच बादल्या, तेच साहेब. "मावशी, झोपा. तुम्ही प्रेत फार छान करता."

वाडीतल्या बायका बघायला आलेल्या. चिमी पोर कडेवर घेऊन उभी.

मी झोपले नाही. म्हणाले, "आज तुम्ही झोपा, साहेब. पोहता तुम्हाला येत नाही, म्हणजे बुडणार तुम्हीच." सगळे हसले. साहेब नाही. "आधी जॅकेट आणि दोर वाडीत येऊ देत. तोवर आमच्यातली एकही बाई तुमच्यासाठी मरणार नाही."

ड्रिलसाठी काढलेला दोर खांद्यावर घेऊनच निघाले. कोणाची अडवायची छाती झाली नाही. वाटेत मोठ्या तोऱ्यात चिमीला ते स्ट्रेचरवर ऐकलेलं बोलणं पहिल्यांदा सांगितलं. ती थांबली.

"मावशे, तू ऐकत व्हतीस? मंग तवाच का नाय उठलीस? आता परत झोपलीस, तर आमीच पुरून टाकू तुला."