यात रडतं कोण?

कुठल्या माणसापुढे कोणता खेळ मांडावा हे माझ्या विहीणबाईंइतकं कळणारी बाई फणसवाडीपासून वडाळ्यापर्यंत दुसरी नाही, आणि वडाळ्याच्या पुढे असेल असं मला वाटत नाही. खेळ म्हणजे पत्ते किंवा कॅरम नव्हे. हे नवे परदेशी खेळ, जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांतले, ज्यांचे नियम वाचायलाच एक दुपार जाते. इतरांच्या कपाटावर सुटकेसा असतात, विहीणबाईंच्या कपाटावर ही खोकी छतापर्यंत रचलेली आहेत. कॉलेजात असताना त्यांच्या मुलाने दोन-चार आणली, तो नोकरीला लागून विसरला आणि आईने ती पुसायला म्हणून खाली काढली. तिथून पुढे सगळं बिघडलं, किंवा सुधारलं. खोक्यांवरची नावं त्या कधीच घेत नाहीत. बेटावर मेंढ्या देऊन विटा घ्यायच्या तो ‘मेंढ्यांचा’, जगभर पसरलेले रोग सगळ्यांनी मिळून आवरायचे तो ‘साथीचा’, नकाशावर आगगाड्यांचे डबे मांडत गावं जोडायची तो ‘रुळांचा’. दादरला खेळांचं एक दुकान आहे. तिथला मालक त्यांना बघून खुर्चीवरून उठतो, तो आदराने की धास्तीने ते सांगणं कठीण. कारण त्या खोकं उलटंपालटं करून एकच प्रश्न विचारतात, “यात रडतं कोण?” मालक म्हणतो, किती माणसांचा, किती वेळाचा ते मागे छापलंय बघा. त्या म्हणतात, “ते वाचता येतं हो मला. रडतं कोण ते छापत नाहीत, म्हणून विचारते.”

त्यांच्या मजल्यावर दोन शेजारी कुंड्यांवरून बोलेनासे झाले होते. विहीणबाईंनी दोघांना वेगवेगळं चहाला बोलावलं आणि मध्ये मेंढ्यांचा खेळ मांडला. “मेंढी हवी असेल तर तोंड उघडावं लागतं,” एवढंच त्यांचं म्हणणं. अर्ध्या तासात दोघं विटांवरून कडाकडा भांडत होते, आणि भांडण हे बोलणंच असतं. कुंड्या कुणालाच आठवल्या नाहीत. स्वतःच्या हुशारीच्या गोष्टी सांगणाऱ्या एका भाच्याला त्यांनी साथीचा खेळ दिला. त्यात एकट्याची हुशारी चालत नाही, बुडालं तर सगळं जग एकदम बुडतं. भाचा हल्ली जरा कमी बोलतो.

त्यांच्याकडे एकच गैरसोय आहे. खायला भजी, वडा, चिवडा काहीही मिळत नाही. तेलकट बोटं पत्त्यांना लागतात. जे मिळेल ते चमच्याने खायचं, म्हणजे शिरा. शिरा उत्तम असतो, पण दर वेळी शिराच असतो.

माझ्या सायलीचं आणि त्यांच्या तेजसचं जमलं तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. मला एकच काळजी होती, आमचे भाऊजी. माझे थोरले दीर. बस डेपोत जन्मभर गाड्या मार्गी लावलेला माणूस, मनाने वाईट नाही, पण लग्नाच्या बैठकीतून उठून जाणं हा त्यांचा धर्म. बैठकीला गेले की चपला दाराकडे तोंड करून काढतात, म्हणजे उठल्यावर वेळ जायला नको. एका पुतणीचं जुळलेलं लग्न त्यांनी बँडवरून मोडलं. ती त्यांच्याशी अजून बोलत नाही. आणि घरातले सर्वांत मोठे, म्हणून त्यांना वगळायची सोय नाही. सायलीने मला परळच्या आमच्या स्वयंपाकघरात विचारलं, “आई, मोठे काका उठले तर?” मी म्हटलं, भाजी ढवळ.

बैठकीच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, मानपानाचं असेल. त्या म्हणाल्या, “तुमचे भाऊजी चिडले की बोलतात, की गप्प होतात?” मी म्हटलं, आधी बोलतात, मग चपला घालतात. “बरं. आणि रस्त्याने जाताना ते पत्ता विचारतात, की सांगतात?” मी म्हटलं, “सांगतात. कुणी विचारलेला नसला तरी.” “झालं तर मग,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मला बाई जरा अशीच वाटली.

बैठकीला फणसवाडीत त्यांच्या घरी गेलो तर सतरंजीच्या मधोमध परदेशाचा भलामोठा नकाशा आणि त्यावर रंगीत डबे. विहीणबाईंच्या खुर्चीखाली पंच्यात गुंडाळलेलं आणखी एक खोकं दिसत होतं, ते काही त्यांनी बाहेर काढलं नाही. शिरा आला. भाऊजींनी वाटीकडे बघून मला हळूच विचारलं, “भजी नाय?” मी म्हटलं, गप्प खावा.

विहीणबाईंनी नियम सांगितला, “आधी डाव खेळायचा, मग ज्याचा डाव झाला त्याने लग्नाचं बोलायचं. मध्ये बोललं की एक डबा परत.” आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. भाऊजी मात्र नकाशावर वाकले होते. “ह्यो रस्तो चुकीचो हा,” म्हणाले, “हयसून सरळ जाऊक व्हया.” आणि बसले.

मुद्दा हॉलचा होता. विहीणबाईंना गिरगावात हवा होता, आमचे भाऊजी म्हणत होते, “लगीन चेडवाच्या दारात होतला, नायतर होवचा नाय.” म्हणजे मुलीकडे, आमच्या परळला. एरवी हे वाक्य ऐकून चारी बाजूंनी आवाज चढले असते. इथे पुढचा डाव तेजसचा. त्याने चार डबे मांडले आणि म्हणाला, “काका, मला कुठेही चालेल.” मग ह्यांनी डबे मांडले आणि चाचरत म्हणाले, “दादरचं बघायचं का?” सख्ख्या भावाने दगा दिला म्हटल्यावर भाऊजी उभेच राहिले. “ह्यो विषय संपलो.” दाराकडे दोन पावलं गेलेसुद्धा. सायलीने माझं मनगट धरलं.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “जा हं दादा. फक्त तुमचे डबे अर्ध्यावर आहेत, ते मी उचलते. आणि मध्ये बोललात त्याचा एक.”

भाऊजींनी वळून नकाशाकडे बघितलं. त्यांचा लांबच्या लांब मार्ग पुरा व्हायला दोन डब्यांची जागा उरली होती. जन्मात ज्याने एक गाडी वाटेत सोडली नाही, तो माणूस चपलांपाशी उभा होता. मग ते परत आले, एक डबा मुकाट्याने परत दिला आणि मांडी घातली. पुढच्या दोन डावांत चकार शब्द नाही. तिसऱ्यात त्यांनी मार्ग पुरा केला, मोजदाद झाली, आणि भाऊजी जिंकले. असा चेहरा मी त्यांचा निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता. सगळ्यांकडे एकवार बघून म्हणाले, “तुमी म्हणशात थय. गिरगाव तर गिरगाव.”

“नको,” विहीणबाई म्हणाल्या, “दादरच करू. दोघांनाही सारखं.”

“चलात. पण जेवणात भजी होयी.”

लग्न दादरला झालं. भजी होती. बँडसाठी भाऊजी स्वतः पुढे होते. मी विहीणबाईंना नंतर विचारलं, तुम्ही मुद्दाम हरलात ना? त्यांना राग आला. “मी कुणाला जिंकू देत नाही. मी फक्त खेळ निवडते.”

मुलं वडाळ्याला राहायला गेली. सायली रविवारी चारला फोन करते. मी काही फोनच्या शेजारी बसत नसे, फोन माझ्या शेजारी असे, इतकंच. अशाच एका रविवारी दुपारी दोनला विहीणबाई न कळवता परळला आल्या, काखेत तेच पंच्यातलं खोकं. कापडाचे तुकडे जोडून गोधडी पुरी करायची असा खेळ. “हा बैठकीच्या दिवशीच खाली काढला होता,” म्हणाल्या, “पण हा दोघींचा आहे. तिथे माणसं फार होती.”

मी म्हटलं, मला खेळबिळ जमत नाहीत. आणि यात रडतं कोण?

त्यांनी तुकडे मांडायला घेतले. मी शिरा करायला उठत होते, तर म्हणाल्या, बसा, आज चहाच पुरे. पहिला डाव मी हरले. दुसऱ्यात माझी गोधडी एका कोपऱ्यासाठी अडली होती, आणि हवा तो निळा तुकडा समोरच पडलेला होता, तेवढ्यात फोन वाजला. सायली.

मी म्हटलं, “नंतर कर गं. डाव चाललाय.”