पिवळ्या जर्सीवरचा हिरवा दोरा

माझी आत्या माणसं पाठीवरून ओळखते. रस्त्यात समोरून कुणी हसत आलं की ती क्षणभर गोंधळते. नुसतंच "हो, हो, बरं आहे" म्हणते, आणि तो माणूस पुढे गेल्यावर वळून बघत माझा हात दाबते, "अगं, हे तर आपले दातवाले डॉक्टर!"

यात तिचा दोष नाही. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन काही ती शिवत नाही. पँटची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, उसवलेलं सांधायचं. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून उभं राहतं आणि आत्या त्याच्या मागे गुडघ्यावर बसून तोंडातली एकेक टाचणी काढत खुणा करते. आठवड्याचे सहा दिवस असे पाठीमागे जातात. सातव्या दिवशी ती सायकल क्लबाबरोबर बाहेर पडते, तिथेही पाठीमागेच.

क्लबात तिला शेपूटताई म्हणतात. लांबच्या सफरीला निघालं की एकाने सगळ्यांच्या शेवटी चालवायचं, हा त्यांचा जुना नियम. पंप, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब शेपटाकडे. कुणाचं चाक बसलं, कुणाच्या पायात गोळा आला, कुणी नुसतंच रुसून कठड्यावर बसलं, तर शेपटाने थांबायचं. शेपटाच्या मागे कुणी उरता कामा नये. अकरा वर्षांपूर्वी "कोण राहील?" असं विचारलं गेलं, तेव्हा आत्या बुटाची नाडी बांधायला वाकलेली होती. डोकं वर काढेपर्यंत बाकी सगळ्यांनी नाही म्हणून झालं होतं.

मी सायकल चालवत नाही. मी क्लबाची वही लिहिते. मोठ्या सफरीनंतरच्या शनिवारी सगळे क्लबाच्या खोलीत जमतात आणि प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो. जो आधी पोचला तो आधी बोलणार. त्यामुळे सुरुवात नेहमी दातवाल्या डॉक्टरांची. ते सगळ्यांत पुढे असतात आणि वाऱ्यावरच वीस मिनिटं बोलतात. वारा समोरून कसा आला, मग बाजूने कसा आला, मग त्याला कसं फसवलं. मग भूगोलाच्या बाई, मग बाकीचे. आत्याची पाळी येईपर्यंत किटलीत चहाचा तळ लागलेला असतो, अर्ध्या खुर्च्या एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि कुणीतरी दाराशी बूट शोधत म्हणतं, "बोला ताई, ऐकतोय."

आत्या म्हणते, "सगळे आले."

झालं. वहीची मागची पानं चाळली तर माझ्या आधी वही लिहिणाऱ्याच्या अक्षरातही तेच दिसतं. अकरा सफरी, आणि तिच्या नावापुढे दोनच शब्द.

यंदा दोनशे किलोमीटरची सफर ठरली, त्या आठवड्यात मी दुकानात बसले होते. आत्या एका कोटाचं अस्तर उसवत होती. ओठांत टाचण्या होत्या, म्हणून शब्द बारीक होऊन येत होते.

"यंदा मी बोलणार आहे."

"कशावर?"

"पुढच्या वर्षी मला पुढे चालवायचंय." तिने टाचण्या काढून गादीत खोचल्या. "सगळ्यांच्या पुढे. एकदा तरी. समोर कुणाची पाठ नाही, असा रस्ता कसा दिसतो ते बघायचंय मला."

"मग डॉक्टरांना आत्ताच सांग ना. फोन लावू?"

"नको. असं सांगितलं की माणसं 'बघू' म्हणतात. सगळ्यांसमोर बोललं आणि वहीत आलं की पुन्हा 'बघू' म्हणता येत नाही." तिने अस्तराचा एक टाका उसवला. "पण माझी पाळी येईपर्यंत कुणी जागेवर असतं का गं?"

वही माझ्याच हातात असते. मला उत्तर माहीत होतं.

सफरीच्या दिवशी मी शेवटच्या टप्प्यावर टेबल मांडून बसले होते. शेजारी टपालकाका. आयुष्यभर टपालात काम करून निवृत्त झालेले. पोचलेल्या प्रत्येकाच्या कार्डावर वेळ लिहून शिक्का मारण्याचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय. शिक्का मारण्याआधी ते शाईच्या गादीवर फुंकर घालतात. कशासाठी, ते कुणी विचारत नाही.

डॉक्टर तीनपर्यंत यायला हवे होते. तीन वाजले, साडेतीन वाजले. पावणेचारला वळणावर क्लबाची पिवळी जर्सी दिसली. काका शिक्का सरसावून उभे राहिले.

आत्या होती. एकटी. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. तिने पाय टेकायच्या आत काकांनी तिच्या खिशातून डोकावणारं कार्ड ओढलं आणि ठप्प!

"अहो, थांबा! माझं शेवटी असतं!"

"पहिलं आहे."

"पहिलं कसं असेल? सगळे कुठायत? चहाला गेले?"

मी म्हटलं, "आत्या, कुणीच आलेलं नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा लाल रंग माझ्यासमोर उतरला. एकशेविसाव्या किलोमीटरला बँकेतल्या एका नव्या मुलीच्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या होत्या. आत्या तिच्यापाशी थांबली, टेम्पो मिळवून तिला सायकलीसकट घरी पाठवलं आणि मग बाकीच्यांना गाठायला निघाली. एकाच रस्त्याने. वाटेत कुणीही दिसलं नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. लागत नव्हता. आत्याने बाटलीत पाणी भरलं, एक केळं अर्धं खाल्लं, अर्धं माझ्या हातात दिलं आणि सायकल वळवली.

"अहो, दोनशे झाले तुमचे!" टपालकाका ओरडले.

"अठरा माणसं मागे आहेत माझ्या," ती म्हणाली. हे वाक्य तिने गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखं म्हटलं.

सव्वापाचला सगळे आले. पुढे डॉक्टर, माना खाली. विचारल्यावर "रस्ता चुकला," एवढंच. आणि अठरा पाठींच्या मागे, आपल्या जागेवर, आत्या. बारा किलोमीटर मागे जाऊन ती त्यांना घेऊन आली होती.

पुढच्या शनिवारी खोली भरली. किटली आली. डॉक्टर सवयीने उठले आणि घसा खाकरला.

"बसा," टपालकाका म्हणाले. "शिक्क्याप्रमाणे पहिल्या शेपूटताई."

"अहो काका, मी शेवटी आले," आत्या म्हणाली. "सगळ्यांनी बघितलंय."

"मी एकेचाळीस वर्षं शिक्के मारलेत. शिक्का पडला तो पडला. पत्र परत आलं म्हणून तारीख बदलत नाही."

"मग ताईंनाच बोलू दे," डॉक्टर चटकन म्हणाले. त्या दिवशी आपली पाळी जितकी लांबेल तितकं बरं, असं त्यांना वाटत असावं.

आत्या उभी राहिली. तिच्या हातात चहाचा कप होता आणि त्यातून वाफ येत होती. तिने कपाकडे असं पाहिलं, की मला एकदम कळलं, या खोलीत तिला गरम चहा कधी मिळालेलाच नाही.

"सगळे…" ती म्हणाली आणि थांबली. लोक हसले. तीही हसली, आणि त्या हसण्याने जीभ सैल झाली.

"तारा तुटल्या तिथून मी निघाले. म्हटलं, चाळीस मिनिटं मागे आहे, हाणा. पाठी काही दिसेनात. म्हटलं, आज ही मंडळी काय खाऊन निघालीत? आणखी हाणली. तुम्हाला सांगते, भूगोलाच्या बाई मला लांबून दिसतात. दमल्या की त्यांचा डावा खांदा वर जातो."

"माझा?" भूगोलाच्या बाईंनी आपला खांदा चाचपला.

"आणि डॉक्टरांच्या जर्सीची उजवी काख तीन सफरींपासून उसवतेय. ती फडफडली की कळतं, उतार लागला. तर त्या दिवशी यातलं काहीच नाही. नुसता रस्ता. दोन्हीकडे सूर्यफुलं, सगळी एकाच बाजूला तोंड करून. आणि मी वेड्यासारखी समोर पाठी शोधतेय! पन्नास किलोमीटर मी सगळ्यांच्या पुढे होते हो, आणि मला पत्ताच नाही."

खोलीत कुणी बूट शोधत नव्हतं.

"पण तुम्ही होतात कुठे?" तिने विचारलं.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"दीडशेला फाटा लागतो ना," ते म्हणाले, "तिथे मला पुढे एक पिवळी जर्सी दिसली. आपली. मी म्हटलं, माझ्या पुढे कोण गेलं?"

"यांना कुणी पुढे गेलेलं सहन होत नाही," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"तो डावीकडे वळला. मी त्याच्या मागे."

"आम्ही यांच्या मागे."

"तुम्ही भूगोल शिकवता ना?" टपालकाकांनी विचारलं.

"पुढच्या चाकाकडे बघून चालवायचं असतं! नकाशा कोण बघतंय?"

"आम्ही जोर लावला, तर त्यानेही जोर लावला," डॉक्टर म्हणाले. "मी हाका मारल्या. तो आणखी सुटला. नऊ किलोमीटर! शेवटी एका घरापाशी उतरला, सायकल भिंतीला टाकली, आत पळाला आणि कडी लावली. खिडकीतून म्हणतो, 'मी काय केलंय?'"

खोलीत एकच हशा पिकला. हसण्यातून कळलं ते असं : तो रोपवाटिकेतला माळी होता, काम संपवून घरी चाललेला. अठरा पिवळे लोक हाका मारत मागे लागलेले पाहून त्याची पाचावर धारण बसली. समजूत पटल्यावर त्याच्या आईने सगळ्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पोटभर खायला घातलं आणि दीड तास सोडलं नाही. वर प्रत्येकाच्या हातात एकेक रोप. डॉक्टर साठेक किलोमीटर झेंडूचं रोप जर्सीच्या खिशात घालून आले होते.

हसली नाही ती एकटी आत्या. तिने कप खाली ठेवला.

"डॉक्टर, त्या जर्सीवर, पाठीला, उजव्या खिशाखाली हिरव्या दोऱ्याची शिवण होती का?"

"अहो, मी दोरा कुठे बघू?"

"होती," मागून कुणीतरी म्हणालं. "इंग्रजी एलसारखी. मी पाणी पिताना बघितली."

आत्या मटकन बसली. "मीच दिली हो त्याला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि न्यायलाच आलं नाही. पिवळा दोरा संपला होता, म्हणून हिरव्याने शिवली होती. हा माळी पँट घेऊन आला, अंगातला शर्ट चिंध्या झालेला. म्हटलं, घाल बाबा."

"म्हणजे आम्हाला तुम्हीच चुकवलंत!"

"मी नाही. मी असते तर लांबूनच ओळखलं असतं. हा आपला नाही म्हणून." मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टरांना कसं कळणार? त्यांनी कधी आपल्या कुणाची पाठच बघितलेली नाही."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. बाकी खोली पुन्हा हसली, पण आत्या परत उभी राहिली होती, आणि तिचे हात मशीनवर कापड सरकवताना असतात तसे पुढे आले होते.

"मला आणखी एक सांगायचंय. पुढच्या सफरीला मी पुढे चालवणार. एकदा." तिने माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"ताई, ते ठीक आहे," भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "पण शेपूट कोण होणार?"

वीस माणसं एकदम आपापल्या कपात बघू लागली. कुणाच्या तरी बुटाची नाडी सुटली असावी. तो वाकला आणि चटकन सरळ झाला. तेवढ्यात डॉक्टर उठले.

"पंप कुठाय?" त्यांनी विचारलं.

पुढच्या वर्षीची सफर साठ किलोमीटरची होती. सकाळच्या उन्हात आत्या सगळ्यांच्या पुढे निघाली, आणि कोपऱ्यापर्यंत जाता जाता तीनदा वळून तिने मागे पाहिलं. "मागे बघू नका, पडाल!" सगळे ओरडत होते. परत आली तेव्हा टपालकाकांनी गादीवर दोनदा फुंकर घातली आणि शिक्का मारला. या वेळी तिने कार्ड स्वतः काढून दिलं.

"कसा दिसतो रस्ता?" मी विचारलं.

"लांब," ती म्हणाली. आणि मग, "अगं, बँकवाल्या मुलीच्या गालावर खळी पडते. माहीत होतं तुला?"

त्या शनिवारी शेवटची पाळी डॉक्टरांची होती. एकही खुर्ची हलली नव्हती. डॉक्टर उठले, थंड झालेल्या चहाकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "दोन पंक्चर, एक रुसवा. सगळे आले."

"मोजलेत?" आत्याने विचारलं.

"मोजले. एकोणीस."

"आपण वीस जण होतो."

डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग गेला. ते बोट दाखवून खुर्च्या मोजू लागले, एक, दोन, तीन. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचले आणि बोट हवेत तसंच राहिलं.

"स्वतःला धरा," आत्या म्हणाली. "पहिलं वर्षभर मीही घाबरायचे." आणि किटली हलवून बघत तिने त्यांच्यासाठी ताजा चहा टाकायला सांगितला.