चाचांची लंडनमधली खूण

आम्ही मुरूडचे खलाशी एकत्र बसलो की लंडनच्या गोष्टी निघतातच, आणि दर खेपेला थोड्या वाढतात. या मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडल्यात. वाढवायची गरजच पडली नाही.

कोळशाच्या बोटींचे दिवस. आमच्या बोटीचे सुकाणी इब्राहीमचाचा. डोंगराचं टोक आणि दर्ग्याचा घुमट एका रेषेत धरून बिनचूक बंदरात शिरणारा माणूस. त्या दिवशी लंडनच्या गोदीतून बोट संध्याकाळच्या भरतीला घराकडे सुटणार होती. चुकली असती तर त्यांच्या लेकीचा, जैनबचा निकाह बापाविना लागला असता. तरी तिच्यासाठी मखमल हवी म्हणून चाचा सकाळीच शहरात निघाले. सोबत मी.

*

दुमजली बस. वरच्या मजल्यावर सगळे एकाच बाजूला बसलेले. चाचांनी मचव्यात करतात तसं हाताने खुणावून चौघांना पलीकडे बसवलं. "कलंडंल ना," मला म्हणाले. गोरे निमूट उठले. एकाने तर आभार मानले!

उतरायची वेळ आली तशी चाचांनी बूट काढून हातात घेतले आणि पँट गुडघ्यावर ओढली. आमच्याकडे आगरदांड्याला मचव्यातून गुडघाभर पाण्यात उतरायची जन्माची सवय.

"चाचा, हितं रस्ता हाय."

"ठाव हाय मला," म्हणाले, आणि अनवाणीच उतरले.

*

जमिनीखालच्या गाडीकडे जायला सरकता जिना होता. बोटीची शिडी आम्ही खलाशी तिच्याकडे तोंड करून, म्हणजे उलटे उतरतो. चाचा तसेच उभे राहिले, त्यांच्या शेजारी मीही. मागून उतरणारी मडम आमच्या अगदी समोरासमोर आली. नजरानजर झाल्यावर गप्प राहणं चाचांच्या रीतीत बसत नाही.

"सलाम बाई. गाव कोणचं?"

बाई खाली पोचेपर्यंत छताकडे बघत राहिली. हसू दाबून माझं पोट दुखलं.

*

फलाटावर चाचांनी परतीसाठी खूण शोधली. भिंतीवर चहाची जाहिरात होती, लाल टोपीतली बाई कप ओठाला लावून बसलेली. "ही दिसली की उतरायचं. ध्यानात ठेव."

मखमल मिळाली. परतीच्या गाडीत बसलो, पहिल्याच स्टेशनात बाई दिसली. उतरलो, वर आलो, रस्ता भलताच. पुन्हा खाली, पुन्हा गाडी. पुढच्या स्टेशनात बाई हजर. त्याच्या पुढच्यातही. चौथ्या खेपेला चाचांचा चेहरा उतरला. मखमलीचं पुडकं छातीशी धरून म्हणाले, "जैनबला काय सांगू रं?" मला रडूच आलं.

तसेच वर आलो. चाचांनी वारा हुंगला. "चिखलाचा वास. खाडी जवळ हाय." खाडी म्हणजे तिथली नदी. तिचा काठ धरून तीन तास चाललो. पोचलो तेव्हा शिडी उचलायला घेतली होती. आम्ही धावत सुटलो आणि कसेबसे चढलो.

*

निकाह झाला. मखमल सगळ्यांनी हात लावून पाहिली. जेवणं झाल्यावर कुणीतरी विचारलं, "इब्राहीमभाई, लंडनात काय बघितलंत?"

चाचांनी बराच विचार केला. "एक बाई बघितली. आमी गाडीनं जायचो, पण दर ठेसनावर ती आमच्या आदी येऊन च्या पीत बसलेली."

चाची पानाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिने तबक खाली ठेवलं.

"आन् तिचा च्या सरला न्हाय?"