हातातलं सोडू नको

लडाखच्या पोस्टिंगचा तो माझा दुसरा उन्हाळा. कंपनीत ॲडव्हेंचर ट्रेनिंगची ऑर्डर आली. डोंगरात वर एकामागून एक अशी तीन तळी होती. आठवडाभर तंबूत राहायचं आणि कयाक चालवायच्या. कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी. आमच्याकडच्या दोघांनी बसायच्या होत्या. एक पुढे बसतो, एक मागे, आणि दोघांच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं पॅडल.

टीमची निवड कॅप्टनसाहेबांनी फॉल-इनच्या रांगेतच उरकली.

"समंदर किनारे का कौन है?"

मी पुढे आलो. नाईक केळसकर, गाव आंजर्लं. आजोबा गलबतावर तांडेल, वडील मालवाहू बोटीवर. चालायच्या आधी मी पोहायला लागलो असं आई सांगते, आणि आई वाढवून सांगणाऱ्यांतली नाही.

"रत्नागिरी का और कोई?"

लान्स नाईक शिर्के पुढे आला. साहेबांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे समुद्र. पण शिर्के पोफळीचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. सह्याद्रीच्या पायथ्याची वीज केंद्राची कॉलनी हे त्याचं घर, आणि वडील, ज्यांना तो नाना म्हणे, केंद्रात ऑपरेटर. पोहण्याची टेस्ट त्याने कशीबशी काढली होती.

"साहब, मैं तो पहाड़ का हूँ," तो म्हणाला.

"तालाब भी पहाड़ का है. पीछे मत मुड़," साहेब म्हणाले. विषय संपला.

तळ्यावरचे दिवस एकसारखे जात. पहाटे उठायचं, चहा, पी.टी., मग पाण्यावर. दुपारी खोऱ्यातून वारा सुटतो, म्हणून बारानंतर सगळ्या कयाक काठावर. संध्याकाळी स्टोव्हभोवती कोंडाळं. त्या उंचीवर भात धड शिजत नाही आणि डाळ तर दाताखाली करकरते. शिर्केकडे मात्र घरून आलेलं कुळथाचं पीठ होतं. कुळथाची पिठी कुठल्याही उंचीवर होते. पंजाबचा एक सुभेदार तर रोज मग घेऊन रांगेत पहिला उभा असायचा.

शिर्के माझ्याच कयाकमध्ये, पुढच्या सीटवर. मी मागून त्याची यथेच्छ टिंगल करत असे.

"पॅडल आहे ते, गळा नव्हे कुणाचा. किती आवळतोस?"

"आवळणार, गाववाले. तुम्ही मासे, आम्ही दगड."

पाचव्या दिवशी वारा अकरालाच आला. आम्ही मधल्या तळ्याच्या मध्यावर होतो. आधी पाण्याचा रंग बदलला, मग बाजूने लाट आली, मग दुसरी. मी होडीचं तोंड फिरवायच्या आत कयाक पलटी झाली.

नागरी वाचकांसाठी सांगतो. ते पाणी बर्फ वितळून आलेलं असतं. अंगाला लागलं की श्वास आत अडकतो आणि बाहेर येत नाही. पलटी झाल्यावरचं ड्रिल एकच आहे: होडी सोडायची नाही. ती तरंगते, ती लांबून दिसते, मदत तिच्याकडेच येते. हे ड्रिल मला तोंडपाठ होतं.

आणि मी होडी सोडली. आमच्या खाडीत होडी उलटली की तिच्याकडे कोणी बघतही नाही. पोहून काठ गाठायचा. होडी भरतीबरोबर आपोआप किनाऱ्याला लागते, संध्याकाळी जाऊन घेऊन यायची. लहानपणी आम्ही मुद्दाम होड्या उलटवायचो. त्या घडीला डोक्याने ड्रिल सांगितलं, पण हातपाय आंजर्ल्याचे होते. काठ जवळ दिसत होता. मी निघालो.

थोडंच अंतर कापलं असेल. आधी बोटं गेली, मग दंड. पाय हलतायत की नाही तेही कळेना. लाइफ जॅकेट होतं, पण लाटा सरळ तोंडावर येत होत्या आणि प्रत्येक लाटेबरोबर पाणी आत जात होतं. मी मरतोय हे मला स्पष्ट कळलं.

मागून शिर्केची हाक आली. तो एका हाताने उलट्या कयाकला लटकला होता, दुसऱ्या हातात पॅडल होतं आणि पाय मारत तो होडीसकट माझ्याकडे येत होता. तेव्हा एवढंच दिसलं की होडी जवळ येतेय. मग त्याने पॅडल लांब केलं.

"धरा!"

मी धरलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून कोपरात अडकवलं. त्याने मला ओढून होडीला लावलं आणि माझ्या जॅकेटचा पट्टा मुठीत घेतला. मला झोप येत होती. तो माझ्या कानात ओरडत राहिला.

"पळू नको, पोहू नको! हातातलं सोडू नको! हातातलं सोडू नको!"

एरवी मला अहो-जाहो करणारा माणूस. तेव्हा सगळं गळून गेलं होतं.

सेफ्टी बोट जवळ येत होती, तिचा रेडिओ ऐकू आला. "बेस, सेफ्टी. कयाक पलटी. दो जवान पानी में, दोनों बोट के साथ. ओव्हर."

दोघेही होडीपाशी होतो, म्हणून त्यांना सापडलो.

तंबूत दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळून आम्हाला बसवलं. कॅप्टनसाहेब आले.

"तैरना किसको आता है?"

"केळसकर को, साहब," शिर्के म्हणाला.

"और बचाया किसने?"

मी म्हणालो, "शिर्के ने, साहब."

साहेबांनी दोघांकडे बघितलं आणि पिठी गरम करायला सांगून निघून गेले.

त्या संध्याकाळी शिर्केने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. "घरी कळता कामा नये. नानांना पाण्याचं नाव काढलेलं चालत नाय. झोपणार नाय ते." मी शब्द दिला.

पुढच्या हिवाळ्यात शिर्केच्या पेट्रोलवर, म्हणजे गस्तीच्या तुकडीवर, हिमकडा कोसळला. मी बेसवर रेडिओपाशी होतो. त्यांचा कॉल यायचा होता, तो आला नाही. आम्ही दोन दिवस खणत होतो. पोफळीला त्याच्या शवपेटीसोबत मी गेलो.

आता मी निवृत्त आहे. पावसाळा सरला की युनिटमधले आम्ही तिघे-चौघे चिपळूणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका धरणाच्या तळ्यावर तंबू ठोकतो. दोन कयाक माझ्याच आहेत. शिर्केचे नाना दरवर्षी येतात. काठावर बसतात, पिठी करतात. पिठीचा पहिला मग शिर्केच्या नावाचा. पाण्याकडे मात्र नाना पाठ करून बसायचे.

यंदा सकाळी ते स्वतःहून उठून आले.

"मला बसव त्यात. तो बसायचा तिथं."

मी त्यांना जॅकेट घातलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. पाणी स्थिर होतं. मध्यावर गेल्यावर, मागे न बघता, त्यांनी विचारलं.

"केळसकर, खरं सांग. तो पाण्याला घाबरायचा काय रे? त्याची आई जाईपर्यंत म्हणायची, तुम्ही पोराला भित्रा केलात. मी त्याला नदीवर जाऊच दिला नाय. सैन्यात पोरं हसली असतील त्याला."

इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं. मी शिर्केला दिलेला शब्द त्या तळ्यावर मोडला. मला वाटतं त्याची हरकत नसेल. सगळं सांगितलं. वारा, पलटी, मी सोडलेली होडी, त्याने लांब केलेलं पॅडल. तो कानात काय ओरडत होता, तेही.

नानांचं पॅडल थांबलं.

"हेच बोल्ला? असंच?"

"असंच. पळू नको, पोहू नको, हातातलं सोडू नको."

त्यांनी पॅडल मांडीवर आडवं घेतलं.

"केंद्रात मशीन सुरू झाली की खाली नदीला पाणी सुटायचं," मग ते म्हणाले. "वर आभाळ कोरडं, आणि गुडघ्याएवढं पाणी बघता बघता छातीला. पोरांना कळायचं नाय. मी मशीनवर, आणि माझंच पोर खाली खेकडे धरायला. एकदा असाच वाचला. मी त्याला मारला, नदी बंद केली आणि रोज शाळेत जाताना म्हणायला लावलं. पाणी आलं तर पळू नको, पोहू नको. झाड असेल, दगड असेल, हातातलं सोडू नको. पाढ्यासारखं."

"नाना," मी म्हणालो, "त्या पाढ्यावर मी जिवंत आहे. माझी दोन्ही मुलं त्यानंतरची."

पुढे बसलेल्या माणसाचा चेहरा मागच्याला दिसत नाही. त्यांचे खांदे हलत होते. मी हळूहळू कयाक काठाला आणली, उडी मारली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून तिला धरलं.

नानांनी पॅडल छातीशी गच्च आवळलं होतं. शिर्के आवळायचा तसंच.

"नाना, सोडा आता. पोचलो आपण."

"थांब जरा," नाना म्हणाले.

मी होडी धरून उभा राहिलो.