मारेकऱ्याचा पाय

ताई आमच्या मदत केंद्रात कृत्रिम पाय बनवायची. मी शेजारच्या टेबलावर त्या पायांचे पट्टे शिवायचो. बस स्थानकातल्या गोळीबारानंतर हे केंद्र निघालं. वर समुपदेशन, खाली आमची कार्यशाळा. त्या सकाळी एकतीस माणसं गेली. तिकीट खिडकीत बसलेला ताईचा थोरला भाऊ गेला. माझी बायकोही गेली.

दोन वर्षांत ताईने एकोणीस जखमींना चालतं केलं. हात हलका, जीभ तिखट. वरच्या समुपदेशक बाई म्हणायच्या, "मन मोकळं कर गं." ही म्हणायची, "केलं तर तुमची खोली पुरायची नाही."

मग तुरुंगातून पत्र आलं : त्या गोळीबारातल्या कैद्याला पाय बनवून हवा होता. मारेकऱ्याला सक्तमजुरीची जन्मठेप झाली होती. पकडताना गोळी लागून त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

आमचे प्रमुख, त्यांना सगळे मामा म्हणायचे, तिला म्हणाले, "पोरी, तू यात पडू नकोस. दुसरीकडे पाठवतो."

"मीच करणार."

तो बेड्यांत आला. त्याला ती कोण हे ठाऊक नव्हतं. तिने माप घेतलं, साचा ओतला. हाडाचं टोक येतं तिथे साच्यावर प्लास्टरचा जादा थर द्यायचा असतो, म्हणजे कृत्रिम पायाच्या वाटीत तेवढी जागा राहते आणि हाड घासत नाही. ताईने तो थर दिला नाही. मी पाहिलं. मी पाहतोय हे तिनेही पाहिलं. मी मान खाली घालून शिवत राहिलो.

"टोचतंय?" पाय चढवताना तिने विचारलं.

"थोडं."

"होईल सवय."

ताईने घरी वहिनीला, त्या भावाच्या बायकोला, हे सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणे दोन वर्षांत पहिल्यांदा हसली.

तीन महिन्यांनी मामा बातमी घेऊन आले. त्याची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी मजुरी माफ केली होती. आता तुरुंगाच्या दवाखान्यात खाट, दूध, अंडी, दिवसभर रेडिओ.

ताईने हातातली कानस टेबलावर आपटली. "साचा माझा चुकला," ती म्हणाली. "जखम भरली की आणा त्याला."

दुसऱ्या पायासाठी तिने जीव ओतला. तीन वेळा घालून पाहिला, तीन वेळा घासून नीट केला. तो व्हरांड्यात न लंगडता चालला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले? खाटेवर लोळत होतास. उद्यापासून दगड फोडायला उभा राहशील. तिकीट खिडकीतला माणूस माझा भाऊ होता."

त्याचे हात खाली आले. शिपायांनी त्याला नेलं.

ताईने त्याच्या कार्डावर लिहिलं : तपासणी दर सहा महिन्यांनी. अकरा वर्षं झाली, तिने एकही चुकवलेली नाही. गेल्या खेपेला तो म्हणाला, "आता झेपत नाही हो. हलकं काम मिळेल असं काही लिहून द्या."

ताईने पाय दाबून पाहिला, वाटी पुसली, पट्टा आवळला आणि कागदावर लिहिलं : कामास योग्य.